“डॉक्टर कधी येणार?” : अ‍ॅप्रन, बांगड्या आणि विश्वास

“मॅडम, तुम्ही अ‍ॅप्रन का घालत नाही?”

गेल्या आठवड्यात एका पेशंटच्या मुलीने मला हा प्रश्न विचारला. नववीत असेल. आई बीपी तपासायला आली होती आणि ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. आईने तिला कोपराने ढोसलं, “असं विचारतात का डॉक्टरांना?” पण प्रश्न चांगला होता. मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिलं. बाहेर रांग होती, विषय तिथेच थांबला.

घरी आल्यावर वाटलं, याचं खरं उत्तर दोन वाक्यांचं नाही. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही ती माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून आज मधुमेह नाही, थायरॉइड नाही. आज आपण डॉक्टरांच्या कपड्यांबद्दल बोलू.

पुरानंतरचं शिबिर

26 जुलै 2005 ही तारीख पनवेलच्या जुन्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. गाढी नदीचं पाणी गावात शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल उपसायचं काम कितीतरी दिवस चाललं. मी तेव्हा नुकतीच इंटर्नशिप संपवून घरी आले होते आणि पुढच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होते. ओळखीच्या काही डॉक्टरांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका शाळेत आरोग्य शिबिर घेतलं. मीही मदतीला गेले.

कशी गेले, ते सांगते. बाबांचा विंडचीटर, गुडघ्याच्या खाली दुमडलेली सलवार, कमरेला गाठ मारलेली ओढणी, पायात रबरी चपला. अ‍ॅप्रन घरी दोरीवर लटकत होता. त्या आठवड्यात कुठलाच कपडा वाळत नव्हता.

दुपारी एक टेम्पोचालक आले. चाळिशीचे असतील. तीन-चार दिवस अनवाणी चिखल उपसला होता. दोन दिवस अंगात ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की शाळेच्या चार पायऱ्या चढताना त्यांनी कठडा धरला. पुरानंतर ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांचं दुखणं एकत्र दिसलं की डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं ते लेप्टोस्पायरोसिसचं. उंदरांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक पेशंट बरे होतात. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

मी त्यांना सांगितलं, “आजच हॉस्पिटलमध्ये जा. रक्त तपासा. हे अंगावर काढू नका.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बरं ताई. डॉक्टर कंदी येनार?”

मी म्हणाले, “येतील थोड्या वेळात.”

आमचे सिनियर डॉक्टर दुसऱ्या वस्तीत गेले होते, म्हणजे मी खोटं बोलले नव्हते. पण “मीच डॉक्टर आहे” हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्या अवतारात मला स्वतःलाच तसं वाटत नव्हतं. ते बाकावर अर्धा तास बसले आणि निघून गेले.

चौथ्या दिवशी ते मला हॉस्पिटलमध्ये दिसले. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी जवळजवळ बंद. डायलिसिस करावं लागलं. ते वाचले, पण जवळजवळ महिना खाटेवर गेला आणि टेम्पोचे हप्ते थकले. त्यांच्या बायकोने मला ओळखलं. म्हणाली, “ताई, त्या दिवशी डॉक्टर आलेच नाहीत हो. आले असते तर इतकं झालं नसतं.”

मी मान हलवली. तिला तेव्हाही सांगू शकले नाही की डॉक्टर आल्या होत्या, समोरच बसल्या होत्या.

तुम्हीही आम्हाला तपासता

बरीच वर्षं मला त्या गृहस्थांचा थोडा रागही होता. कपड्यांवरून माणूस ओळखतात का? आज तसं वाटत नाही. पेशंट दारातून आत येतो तेव्हा आम्ही त्याची चाल, चेहरा, नखं बघतो. तो बोलण्याआधीच आमची तपासणी सुरू झालेली असते. तुम्हीही तेच करता. आमची डिग्री, आमचा अनुभव तुम्हाला दिसत नाही. दिसतात ते कपडे, हात, टेबल. आपला जीव ज्याच्या हाती द्यायचा त्याच्याबद्दल डोळ्यांना दिसेल त्यावरून अंदाज बांधणं यात अडाणीपणा काही नाही.

अमेरिकेतल्या दहा मोठ्या हॉस्पिटलांत चार हजारांहून जास्त पेशंटना याबद्दल विचारण्यात आलं. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितलं की डॉक्टरांनी काय घातलंय हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. सगळ्यात जास्त गुण मिळाले ते नीटनेटक्या कपड्यांवर घातलेल्या पांढऱ्या कोटाला. म्हणजे आमचे टेम्पोवाले काका काही वेगळं करत नव्हते.

या अंदाजाचे गमतीशीर घोटाळेही होतात. सुरुवातीच्या काळात मी एका दवाखान्यात बसायचे. तिथे औषध कंपनीचे एमआर इस्त्रीचा शर्ट आणि टाय लावून यायचे. पेशंट आत आले की सरळ त्यांना नमस्कार करून आपली तक्रार सांगू लागायचे, आणि मला म्हणायचे, “सिस्टर, जरा पंखा लावा.” पंखा लावण्यात कमीपणा नाही, आणि सिस्टर म्हणवून घेण्यात तर मुळीच नाही. पण गोळी कुणी लिहिली आणि कुणाचं ऐकायचं, हे पेशंटला कळायलाच हवं.

काळ्या कोटाचा पांढरा कोट कसा झाला

अ‍ॅप्रन हा डॉक्टरांचा फार जुना पोशाख असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. दीडशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतले डॉक्टर काळा कोट घालत. लग्नाला, चर्चला, ऑपरेशनला, सगळीकडे तोच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात थॉमस इकिन्स नावाच्या चित्रकाराने ऑपरेशनची दोन प्रसिद्ध चित्रं काढली. 1875 च्या चित्रात सर्जन काळ्या कोटात आहेत. 1889 च्या चित्रात ते पांढऱ्या कपड्यांत आहेत. मधल्या चौदा वर्षांत काय घडलं? जखमेत पू होतो तो जंतूंमुळे, हे डॉक्टरांना पटलं. पांढऱ्यावर डाग लपत नाही, म्हणून पांढरा रंग आला. पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये हिरवे-निळे कपडे आले, कारण लाल रक्ताकडे आणि दिव्याखालच्या पांढऱ्या कापडाकडे सतत बघून डोळे दिपतात. हिरव्या-निळ्या रंगावर नजर विसावते.

नेमक्या त्या मधल्या वर्षांत त्याच फिलाडेल्फियात आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी शिकत होत्या. कल्याण आपल्यापासून किती लांब? पनवेलहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत. आनंदीबाई 1883 मध्ये निघाल्या, त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं आणि सांगितलं की मी माझा आहार आणि पोशाख बदलणार नाही. त्यांनी ते पाळलं. कॉलेजमधला 1885 चा एक फोटो प्रसिद्ध आहे. जपानची विद्यार्थिनी किमोनोत, सीरियाची तिच्या देशाच्या वेषात आणि आनंदीबाई साडीत. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. इकडे आल्यावर त्यांना कोल्हापूरच्या हॉस्पिटलात काम करायचं होतं, पण क्षयाने त्या आधीच गेल्या, बाविसाव्या वाढदिवसाच्या आत.

मला तो फोटो बघून एक गोष्ट जाणवते. त्या तिघींपैकी कुणीही तेव्हाच्या लोकांच्या डोक्यातल्या डॉक्टरसारखी दिसत नव्हती. बाई डॉक्टर दिसते कशी, हे लोकांना तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी कोट चढवून पुरुषासारखं दिसण्याचा खटाटोप केला नाही. लोकांच्या डोक्यातलं चित्रच बदलायला निघाल्या.

“हात असे भुंडे का?”

आता अ‍ॅप्रन न घालण्याचं कारण सांगते.

2004 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात 42 डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांचे टाय तपासले गेले. जवळजवळ निम्म्या टायवर रोग निर्माण करू शकणारे जंतू सापडले. तिथल्या दहा सुरक्षारक्षकांपैकी फक्त एकाच्या टायवर असे जंतू होते. कारण साधं आहे. शर्ट रोज धुतला जातो, टाय कोण धुतं? शिवाय पेशंटवर वाकलं की तो लोंबतो. 2007 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने नियम काढला: पेशंटला हात लावताना कोपराच्या खाली काही नको. लांब बाह्या नकोत, घड्याळ नको, टाय नको. लांब बाह्यांचा पांढरा कोटही गेला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोटावर जंतू असतात, हे सिद्ध आहे. कोट काढल्याने पेशंटमधले संसर्ग कमी होतात, हे मात्र तितकं पक्कं सिद्ध झालेलं नाही. खरा फरक पडतो तो हात धुण्याने. मनगटापर्यंत हात नीट धुवायचे तर मनगट मोकळं हवं, हा त्या नियमाचा गाभा. आणि आपल्याकडचं चित्र तुम्ही पाहिलंच असेल. कुठल्याही मेडिकल कॉलेजबाहेरच्या टपरीवर अ‍ॅप्रन घातलेली मुलं वडापाव खात असतात. तोच अ‍ॅप्रन वॉर्डात, तोच रिक्षात. मीही हे केलंय. पनवेलच्या पावसाळ्यात तर तो धुतला तरी वाळत नाही.

म्हणून मी दवाखान्यात सुती, अर्ध्या बाह्यांचा कुडता घालते, रोज धुतलेला. ओढणी पिन करते. घड्याळ, अंगठी, बांगड्या घरी.

बांगड्यांचं काम सोपं नव्हतं. माझ्या एक जुन्या पेशंट होत्या, ऐंशीच्या पुढच्या आजी. मी बांगड्या घालणं सोडलं त्या आठवड्यात त्या आल्या. मी नाडी बघायला हात पुढे केला, तर त्यांनीच माझं मनगट धरलं. “बाई, हात असे भुंडे का?” आवाजात भीती होती. आमच्या घरात काही वाईट घडलं असं त्यांना वाटलं. मी हसून सांगितलं, सगळे ठीक आहेत. मग वॉशबेसिनपाशी जाऊन त्यांना दाखवलं, साबण बांगडीच्या खाली कसा पोचत नाही. त्यांनी नीट बघितलं. म्हणाल्या, “देवघरात जाताना आम्ही हात धुतो तसं म्हण की. पण घरी गेल्यावर घाल हो.”

इंग्लंडचा नियम कागदावर एका ओळीचा आहे. आपल्याकडे त्याच ओळीत एका बाईच्या सौभाग्याचा प्रश्न येतो. कपडे म्हणजे नुसते जंतू नव्हेत, आणि नुसता मानही नव्हे. समोरच्याला त्यातून काहीतरी वाचता येत असतं. मी काय लिहिलंय ते न सांगता पुसलं, तर तो घाबरणारच.

अलीकडे ड्रेसकोडचे हुकूमही निघतात. फेब्रुवारी 2023 मध्ये हरियाणा सरकारने सरकारी हॉस्पिटलांसाठी असा हुकूम काढला: जीन्स नको, टी-शर्ट नको, लांब नखं नकोत, जड दागिने नकोत. असा नियम वाचला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. यात पेशंटचं रक्षण आहे की फक्त बघणाऱ्याचं समाधान? नखं आणि दागिने पहिल्या खान्यात बसतात. धुतलेली जीन्स आणि धुतलेली पँट यांत जंतूंना फरक कळत नाही.

पांढरा कोट आणि तुमचं बीपी

काही लोकांना पांढऱ्या कोटाने धीर येतो, काहींचा धीर सुटतो. लहान मुलं लांबूनच रडायला लागतात. मोठी माणसं रडत नाहीत, त्यांचं बीपी वाढतं. 1983 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी पेशंटचं बीपी सतत नोंदवून पाहिलं. डॉक्टर खाटेजवळ आले की पहिल्या काही मिनिटांत वरचा आकडा सरासरी 27 ने आणि खालचा 15 ने वाढत होता. याला ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. दोष एकट्या कोटाचा नाही. डॉक्टर, वास, मशीन, ‘आता काय निघेल’ ही धाकधूक, सगळ्याचा तो परिणाम.

तुमचंही असं होत असेल तर घरी मोजा. आधी पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात टेबलावर. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून वहीत लिहा आणि ती वही दवाखान्यात आणा. घरच्या मापात सरासरी 135/85 च्या वर असेल तर ते वाढलेलं समजतात. पण “माझं बीपी डॉक्टरांना बघूनच वाढतं” असं स्वतःच ठरवून गोळी बंद करू नका. ते ठरवायला वहीतले आकडे लागतात.

हेमलकशाची बंडी

मग कोट नसताना विश्वास कुठून येतो? डॉ. प्रकाश आमट्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पांढरी बंडी आणि अर्धी चड्डी. 1973 मध्ये गडचिरोलीच्या जंगलात हेमलकशाला काम सुरू झालं. तिथल्या माडिया लोकांच्या अंगावर पुरेसं वस्त्र नव्हतं, म्हणून त्यांनीही अंगावरचे कपडे कमी केले, ते कायमचे. 2008 मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे विश्वास बसला तो वर्षानुवर्षं सोबत राहिल्याने. तिथल्या माणसाला समोरचा कोण आहे हे कपड्यांवरून ओळखायची गरज उरली नाही.

पण माझ्या दवाखान्यात आज पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाला माझी इतकी वर्षं माहीत नसतात. त्याच्याकडे दहा मिनिटं असतात. त्या दहा मिनिटांसाठी मला काहीतरी खूण द्यावीच लागते.

ती खूण कोणती, हे मला 2020 मध्ये कळलं. पीपीई किटमध्ये आम्ही सगळे सारखे दिसायला लागलो. सर्जन, सिस्टर, सफाईच्या मावशी, सगळे एकाच पांढऱ्या पिशवीत. कोट असून नसल्यासारखा झाला. पेशंटला फक्त डोळे दिसायचे, तेही धुरकट काचेतून. मग आम्ही मार्करने छातीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहायला लागलो. ‘डॉक्टर’ हा शब्दही. एक काका रोज ते नाव मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच बोलायला सुरुवात करायचे.

इंग्लंडमध्ये डॉ. केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर होत्या. त्या स्वतः कॅन्सरच्या पेशंट झाल्या, तेव्हा त्यांना जाणवलं की आपल्यावर उपचार करणारे कितीतरी लोक आपलं नावच सांगत नाहीत. 2013 मध्ये त्यांनी मोहीम सुरू केली: पेशंटला भेटताच आधी स्वतःचं नाव सांगा. 2016 मध्ये त्या गेल्या, मोहीम राहिली. मी त्याबद्दल वाचलं तेव्हा मला त्या शाळेतला बाक आठवला.

तुम्ही काय बघायचं

कपडे जरूर बघा. स्वच्छ आहेत का, एवढंच बघा. पण तिथे थांबू नका, कारण पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप बाजारात कुणालाही विकत मिळतो. बोगस डॉक्टरच्या अंगावर तो बहुधा जास्तच कडक इस्त्रीचा असतो.

डॉक्टरने तुम्हाला हात लावण्याआधी हात धुतले का, सॅनिटायझर लावलं का, ते बघा. नसेल तर सांगा. “डॉक्टर, हात धुतलेत ना?” असं विचारलं म्हणून कुणी रागावलं, तर ती त्यांची चूक.

प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा. दवाखान्यात आणि चिठ्ठीवर तो असायलाच हवा, तसा नियम आहे. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते.

आणि हॉस्पिटलात कोण कोण येऊन काय सांगून गेलं हे कळेनासं झालं, तर संकोच न करता विचारा: “तुमचं नाव काय? तुम्ही डॉक्टर आहात का?” त्यात आमचा अपमान नाही. त्या टेम्पोवाल्या काकांनी मला असं सरळ विचारलं असतं, तर मी नाही म्हणू शकले नसते. अर्थात विचारायची वेळ त्यांच्यावर यायलाच नको होती. सांगणं माझं काम होतं.

आता मी नवीन पेशंट आला की उभी राहते, नाव सांगते आणि म्हणते, “मी डॉक्टर आहे.” खिशावर नावाची पट्टी असते, मराठीत, मोठ्या अक्षरांत. काही जण हसतात. बाहेर पाटीवर लिहिलंय की, म्हणतात. हसू देत.

त्या नववीतल्या मुलीला मी त्या दिवशी एवढंच म्हणाले होते, “अ‍ॅप्रन लवकर मळतो गं.” पुढच्या वेळी ती आली की उरलेलं सांगेन.